वर्गातील सोबत्यास इंग्रजीत काय म्हणावे?

प्रश्न : इंग्रजीच्या तासाला जोडीने वा गटाने उपक्रम घेताना मुलांनी परस्परांना 'फ्रेंड' म्हणावे, 'कलीग' की 'क्लासमेट'?
– एक शिक्षिका, औसा (जि. लातूर)

उत्तर : महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच शिकविली जाऊ लागल्याने हा प्रश्न औशापासून नांदेड जिल्ह्यातील किनवटपर्यंत सर्वत्र उद्भवतो. ज्याच्याशी जोडीने संवाद करावयाचा तो 'पार्टनर', ज्यांच्यासह तक्ता रंगवावयाचा ते 'ग्रुप मेंबर्स', आणि वर्गातील कोणीही, त्याच्याशी सख्य असो वा नसो, 'क्लासमेट'. 'फ्रेंड' हे नाते मुलांनी स्वेच्छेने जोडावे, शिक्षकाने हुकुमाने लादू नये, आणि 'कलीग' हा शब्द कचेरीतील सहकाऱ्यासाठी राखावा. सबब, सूचना देताना 'आस्क युवर पार्टनर' म्हणावे. परिचयप्रसंगी मात्र 'धिस इज माय क्लासमेट' असे वदवून घ्यावे.