झाशीचा श्रावण आणि मातीचा महादेव

प्रश्न : आमचं घराणं चार पिढ्यांपासून झाशीत आहे. सासूबाई श्रावणात रोज मातीची पिंड करून तिची पूजा करायच्या आणि लगेच विसर्जनही करायच्या. देव्हाऱ्यात बाण असताना ही वेगळी पिंड कशासाठी? आणि सकाळी केलेला देव सकाळीच का मोडायचा? त्यांच्यामागे मला हे चालू ठेवायचं आहे. पण शेजारणींचा सावन आमच्याआधीच सुरू होतो. शिवाय आता फ्लॅटमध्ये माती कुठून आणू आणि विसर्जन कुठे करू?
— एक वाचक, झाशी

उत्तर : ताई, तुम्ही ज्या गावात बसून हा प्रश्न विचारता आहात, त्याच गावात या पूजेचा एक साक्षीदार होऊन गेला. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत झाशीला पोचले. ‘माझा प्रवास’ या त्यांच्या पुस्तकात राणी लक्ष्मीबाईंची दिनचर्या आली आहे. पहाटेचा व्यायाम, मग स्नान, पांढरं वस्त्र नेसून तुळशीची पूजा आणि त्यानंतर पार्थिवपूजा. राणीचे पती गंगाधरराव १८५३च्या नोव्हेंबरात गेले, पुढच्या वर्षी राज्य खालसा झालं, तरी देवापुढचं हे बसणं सुटलं नाही. घोड्यावरची राणी सगळ्यांना ठाऊक आहे. मातीची पिंड करणारी राणी फार थोड्यांना माहीत असते, याचं मला वाईट वाटतं.

पार्थिव म्हणजे पृथ्वीचं, मातीचं. देव्हाऱ्यातला नर्मदेचा बाण किंवा शाळिग्राम यांच्यात देवत्व मुळातच आहे असं शास्त्र मानतं. म्हणून त्यांना रोज आवाहन लागत नाही आणि विसर्जनही नसतं. मातीचं तसं नाही. तिच्यात देवाला बोलवावं लागतं, आणि बोलावलेल्या पाहुण्याला पूजा झाल्यावर निरोपही द्यावा लागतो. तुम्ही ‘मोडणं’ म्हणता तो हा निरोप. भाद्रपदातला आपला गणपती पार्थिवच असतो. हरतालिकेचं वाळूचं लिंगही याच जातीचं. त्यांना निरोप देताना आपण देव मोडला असं कुणी म्हणत नाही.

या पूजेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे तिची सात नावं. माती घेताना ‘हर’, ती मळून पिंड घडवताना ‘महेश्वर’, प्रतिष्ठेला ‘शूलपाणि’, आवाहनाला ‘पिनाकधृक्’, स्नानाला ‘शिव’, पूजेला ‘पशुपति’ आणि विसर्जनाला ‘महादेव’. प्रत्येक नावाआधी ओंकार आणि शेवटी नमः. म्हणजे माती हातात घेतली की पूजा सुरू झाली. मळणं ही तयारी नाही, ती उपासनाच आहे. भटजी मिळाले नाहीत, मंत्र पाठ नसले, तरी या सात नावांवर सगळी पूजा होते. शिवपुराणाच्या विद्येश्वर संहितेत पार्थिवपूजेला स्वतंत्र अध्याय दिले आहेत.

महेश्वरला अहिल्याबाई होळकरांच्या वाड्यात मातीच्या हजारो लहान लिंगांची पूजा करून ती नर्मदेत सोडण्याची रीत आजही चालू आहे. होळकरांच्या वाड्यात ती हजारोंनी होते, तुमच्या सासूबाईंच्या ताम्हनात एकाच पिंडीची होत होती. दोन्हीकडे लागतं तेच : माती, पाणी, बेल, अक्षता.

आता श्रावणाचा घोळ. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेतला पौर्णिमेला. त्यामुळे शुक्ल पक्ष दोघांचा एकच, पण वद्य पक्षाचं नाव बदलतं. त्यांचा सावन आपल्या आषाढ वद्य प्रतिपदेला, म्हणजे पंधरा दिवस आधी सुरू होतो आणि राखीपौर्णिमेला संपतो. आपला श्रावण त्यानंतरही पिठोरी अमावास्येपर्यंत चालतो. नागपंचमी आणि राखी मात्र दोघांच्या एकाच दिवशी येतात. कृष्णजन्माचा दिवसही एकच, पण आपण त्याला श्रावण वद्य अष्टमी म्हणतो आणि ते भादों. तुम्ही घरच्या पंचांगाप्रमाणे अमान्त श्रावण धरा. शेजारणीने तिच्या पहिल्या सोमवारी बोलावलं तर आनंदाने जा. भाद्रपद वद्य अष्टमीला बुंदेली बायका महालक्ष्मीच्या व्रतासाठी मातीचा हत्ती पुजतात, तेव्हाही जा. मातीचा देव तुमच्या गावात दोन्ही बाजूंनी आहे.

मातीची तुम्हाला अडचण पडू नये. बुंदेलखंडात शेतकरी ज्या काळ्या मातीला मार किंवा काबर म्हणतात, ती चिकण असते आणि पिंडीला उत्तम. एखाद्या ओळखीच्या शेतातून पाटीभर आणा, वाळवून चाळून डब्यात भरून ठेवा. महिन्याला तेवढी पुरते. खडे नीट काढा, नाहीतर पिंडीला तडा जातो. अंगठ्याएवढी पिंड पुरे. ती बेलाच्या पानावर किंवा ताम्हनात ठेवा. एक काळजी घ्या : देव्हाऱ्यातल्या बाणावर धरतो तशी अभिषेकाची धार इथे धरू नका, पिंड विरघळेल. स्नानाला फुलाने पाणी शिंपडायचं. मग गंध, अक्षता, बेल, धूप, दीप, नैवेद्य. साखर चालते, दूध चालतं.

विसर्जनासाठी बेतवा नदीवर जायची गरज नाही. स्वच्छ घमेल्यात पाणी घ्या, ‘महादेव’ म्हणत पिंड अलगद त्यात सोडा आणि विरघळू द्या. ते पाणी पायदळी जाणार नाही अशा मोठ्या कुंडीत ओता. मोरीत ओतू नका. बेलाची पानं त्याच मातीत मिसळतील. दुसऱ्या दिवशी नवी माती, नवी पिंड. एखादा दिवस चुकला, अशौच आलं, प्रवास निघाला, तर मनात काहीही न ठेवता पुढच्या दिवशी बसा. रोज जमणार नसेल तर श्रावणातले सोमवार धरा.

सासूबाईंचं ताम्हन तुमच्याकडे असेलच. या श्रावण शुद्ध प्रतिपदेला ते चिंचेने घासून काढा, आणि घरात नातवंडं असतील तर पहिली पिंड त्यांच्या हातून करवून घ्या.