बदल आपला, सांभाळ दुसऱ्याचा

लिनक्स कर्नलला मी बरीच वर्षं पॅच पाठवते आहे. बहुतेक ड्रायव्हरमधल्या दुरुस्त्या, क्वचित एखादी नवी सोय. नव्याने सुरुवात करणारी मुलंमुली विचारतात, आपला कोड पुरेसा चांगला आहे हे कसं ओळखायचं? मला वाटतं, त्याआधी एक पाहावं : हा कोड उद्या कुणाला सांभाळावा लागणार आहे.

१. आधी मेंटेनर कोण ते बघा. कर्नलमध्ये ‘मेंटेनर्स’ नावाची फाइल आहे. कुठला भाग कुणाकडे, हे तिच्यात असतं, आणि ‘गेट-मेंटेनर’ ही स्क्रिप्ट तुमच्या पॅचवरून नेमकी नावं काढून देते. नावं मिळाली की त्या भागात अलीकडे झालेले बदल निवांत वाचा. काय घेतलं गेलं, काय परत आलं आणि का, ते कळतं. पॅच पाठवणारा नोकरी बदलतो, त्याची आवड बदलते. मेंटेनर मात्र तिथेच असतो आणि पुढच्या तक्रारी त्याच्याकडे येतात. म्हणून तो चटकन ‘हो’ म्हणत नाही, आणि ते बरोबरच आहे.

२. कोडपेक्षा जास्त वेळ कमिटच्या मजकुराला द्या. काय बदललं ते डिफमध्ये दिसतं. का बदललं, ते तुम्ही लिहिलं नाही तर कुठेच उरत नाही.

एक नेहमी दिसणारा प्रकार सांगते. यूएसबी उपकरण चालू असताना ओढून काढलं की कर्नल कोसळतो. लॉगमध्ये दिसतं की पॉइंटर नल होता. मग कुणीतरी पॅच पाठवतं : पॉइंटर नल असेल तर इथूनच परत फिरा. कोसळणं थांबल्यासारखं वाटतं. मेंटेनर विचारतो, पण तो नल झालाच कसा? शोधल्यावर कळतं, की उपकरण निघताच ड्रायव्हरने मेमरी मोकळी करून पॉइंटर नल केला, पण आधी रांगेत लावलेलं एक काम अजून चालायचं बाकी होतं. तपासणी आणि वापर यांच्या मधल्या क्षणातही मेमरी जाऊ शकते, त्यामुळे ती तपासणी दोष फक्त दुर्मीळ करते, आणि दुर्मीळ दोष पकडणं जास्त कठीण. खरी दुरुस्ती म्हणजे मेमरी सोडण्याआधी रांगेतलं काम रद्द करणं आणि ते सुरू झालेलं असेल तर संपेपर्यंत थांबणं. दोन्ही पॅच एकेका ओळीचे. ‘का’ नीट लिहायला बसलं, की पहिला पॅच पाठवावासाच वाटत नाही. हेच मला या मजकुराचं सर्वांत मोठं मोल वाटतं.

दोष कुठल्या जुन्या कमिटमुळे आला ते सापडलं, तर ‘फिक्सेस’ ही ओळ घाला : त्या कमिटच्या हॅशची पहिली १२ अक्षरं आणि तिचं शीर्षक. दुरुस्ती कुठल्या जुन्या आवृत्त्यांपर्यंत न्यायची, हे स्टेबल शाखा सांभाळणाऱ्यांना त्यावरून ठरवता येतं.

३. एका पॅचमध्ये एकच गोष्ट. मोठं काम असेल तर मालिका करा, पण तिच्यातल्या प्रत्येक टप्प्यावर कर्नल बिल्ड झालाच पाहिजे. यामागे ठोस कारण आहे. एका आवृत्तीत साधारण दहा हजारांहून जास्त बदल येतात. त्यातल्या कुठल्या बदलाने काय बिघडलं, हे ‘गिट बायसेक्ट’ दरवेळी निम्मे बदल बाजूला सारत शोधतं. दहा हजारांतून एक सापडायला चौदाच्या आसपास फेऱ्या पुरतात. मधल्याच एखाद्या टप्प्यावर बिल्ड तुटत असेल, तर शोधणारा तिथेच अडकतो.

४. ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ गांभीर्याने घ्या. २००३ मध्ये एससीओ कंपनीने लिनक्समधल्या कोडवरून आयबीएमवर दावा लावला, आणि पुढच्या वर्षी ही प्रथा कर्नलमध्ये आली. हा कोड देण्याचा मला अधिकार आहे, असं तुम्ही तिथे नावानिशी लिहून देता. नोकरीत असाल तर कंपनीची परवानगी लेखी घ्या, तीही पहिल्या पॅचच्या आधी.

५. रिव्ह्यूमधल्या प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्या, त्या त्या वाक्याखालीच. पटलं तर बदला. पटलं नाही तर मोजमाप किंवा लॉग पुढे ठेवून सांगा. पुरावा पाहून मत बदलणारे मेंटेनर मी खूप पाहिले आहेत. दुसरी आवृत्ती पाठवताना काय काय बदललं ते तीन रेघांच्या खाली लिहा, म्हणजे ते इतिहासात जात नाही, पण वाचणाऱ्याचे कष्ट वाचतात. कर्नलने २०१८ मध्ये आचारसंहिता स्वीकारली. कामावर कडक टीका होणारच, ती व्हायलाही हवी. माणसावर होऊ लागली, तर सहन करत बसू नका.

६. वेळापत्रक समजून घ्या. नवी आवृत्ती आली की दोन आठवडे मर्ज विंडो (नवे बदल आत घेण्याचा काळ) असते, त्यानंतर साधारण सात आठवडे फक्त दुरुस्त्या. मर्ज विंडोच्या काळात कित्येक मेंटेनर नव्या सोयींचे पॅच बघतही नाहीत. उत्तर आलं नाही तर निदान आठवडाभर थांबा, मग नम्रपणे आठवण करा.

७. पॅच घेतला गेल्यावर गायब होऊ नका. कर्नलमध्ये वापरकर्त्यांचा चालता प्रोग्राम मोडणं चालत नाही. तुमच्या बदलाने तसं झालं आणि तुम्ही उत्तर दिलं नाही, तर बदल काढून टाकला जाईल.

८. दुसऱ्यांचे पॅच वाचा. लिहिणारे पुष्कळ, तपासणारे थोडे, अशी सगळीकडची स्थिती आहे. सगळा कोड कळायला हवा असं नाही. घरात जुना लॅपटॉप किंवा वेगळं वायफाय कार्ड पडून असेल, तर त्याच्या ड्रायव्हरवर आलेला पॅच लावून पाहा आणि ‘टेस्टेड-बाय’ अशी ओळ पाठवा, कुठल्या मॉडेलवर काय चालवून पाहिलं त्यासकट. ते हार्डवेअर कित्येकदा मेंटेनरकडेही नसतं.