‘पॅलिएटिव्ह’ : पांघरूण कोणते?

वैद्यकीय व्यवसायात आपण नित्य उच्चारतो त्या अनेक इंग्रजी शब्दांचे मूळ लॅटिनमध्ये सापडते. त्यांपैकी ‘पॅलिएटिव्ह’ या शब्दाचा विचार मला अगत्याचा वाटतो. कारण त्याचा अर्थ चुकीचा पोहोचला, तर रुग्णाची हानी होते.

लॅटिनमध्ये ‘पॅलियम’ म्हणजे अंगावर घेण्याचे वस्त्र. त्यावरून झाकणे या अर्थाचे क्रियापद झाले. शवपेटीवर पसरण्याच्या वस्त्राला इंग्रजीत ‘पॉल’ म्हणतात, तो शब्दही याच कुळातला. आपण मराठीत आजाऱ्याच्या अंगावर पांघरूण घालतो, तसे कोणाच्या दोषांवरही घालतो. इंग्रजी ‘पॅलिएट’ या क्रियापदालाही असेच दोन अर्थ आहेत : दुखणे सौम्य करणे आणि अपराध सौम्य भासविणे.

सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. त्यापासून प्रेरणा घेऊन शल्यविशारद बाल्फर माउंट यांनी १९७५ साली कॅनडात माँट्रियल येथे तसाच विभाग उघडला. तेथील फ्रेंच भाषकांना ‘हॉस्पिस’ या शब्दाने निराधारांच्या आश्रयगृहाची आठवण होई; म्हणून त्यांनी ‘पॅलिएटिव्ह केअर’ ही संज्ञा योजली.

आज मात्र केसपेपरवर हा शब्द दिसताच ‘आता करण्यासारखे काही उरले नाही’ असाच अर्थ नातेवाईक घेतात. वस्तुस्थिती निराळी आहे. हाडात पसरलेल्या कर्करोगाच्या वेदना कमी करण्यासाठी दिलेली रेडिओथेरपी पॅलिएटिव्हच असते. फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या १५१ रुग्णांचा एक अमेरिकन अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. निदानानंतर लवकरच, नेहमीच्या उपचारांच्या जोडीने ही सेवा मिळालेल्यांचे जीवनमान सुधारले, नैराश्य घटले; आणि त्यांचा मध्यक जीवितकाल ८.९ महिन्यांऐवजी ११.६ महिने आढळला.

मराठीतील ‘उपशामक’ हा प्रतिशब्द मला अधिक नेमका वाटतो. त्यात ‘शम्’ म्हणजे शांत होणे हा धातू आहे. लपविण्याची छटा नाही. तरीही केवळ शब्द उच्चारून थांबू नये. वेदना, धाप, मळमळ, निद्रानाश यांपैकी कशावर कोणता उपाय करणार आहोत, हे घरच्यांना सोप्या मराठीत सांगावे. पांघरूण रुग्णाच्या अंगावर असावे, सत्यावर नव्हे.