नृत्याची साथ करणारी गिटार

स्पेन देशाच्या दक्षिणेस आंदालुसिया नांवाचा प्रांत आहे. तेथील 'फ्लामेंको' या कलेचीं अंगें तीन: गायन, नृत्य व गिटारवादन. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सेव्हिल वगैरे शहरांतील 'काफे कांतान्ते' नांवाच्या गानगृहांत या तिन्हींचा मेळ पक्का बसला. त्यांपैकीं नर्तकीस गिटारची साथ करावयास कसें शिकतात, एवढेंच आज आम्ही वाचकांस सांगणार आहों. ही साथ डोळ्यांनीं करावयाची असते असें म्हटल्यास विद्यार्थ्यांस नवल वाटेल. पण तें खरें आहे.

प्रथम ताल. तालचक्रास तेथें 'कोम्पास' म्हणतात. 'सोलेआ' हा गंभीर प्रकार घ्या. त्याच्या आवर्तनांत बारा मात्रा. जोर ३, ६, ८, १० व १२ या मात्रांवर. आपल्या एकतालाच्याही मात्रा बाराच; परंतु आपली सम पहिल्या मात्रेवर, तर येथें वाद्याचें वाक्य बहुधा दहाव्या मात्रेवर येऊन विसावतें. एक ते बारा अंक मोठ्यानें म्हणत या पांच ठिकाणीं टाळी वाजवून पाहावी. आरंभीं तीन-तीन मात्रांचें असलेलें अंतर पुढें दोन-दोनांचें होतें, व तेथेंच नवशिका अडखळतो. काडिझ शहराची 'आलेग्रीआस' याच गणतीवर चालते, पण अधिक चपळ. 'बुलेरिआस' त्याहूनही द्रुत. एक सोलेआ अंगीं मुरेपर्यंत बाकीच्यांच्या वाटेस जाऊं नये.

उजव्या हाताचीं कामें मुख्यतः दोन. बोटें एकामागून एक उलगडून नखांनीं सर्व तारा छेडणें हें 'रास्गेआदो'. आणि बोटानें गिटारच्या पाटीवर ठोका देणें हें 'गोल्पे'. लाकूड झिजूं नये म्हणून त्या जागीं पातळ पट्टी चिकटविलेली असते.

आतां मुख्य गोष्ट. नर्तकी पुढें काय करणार हें तोंडानें सांगत नाहीं, पायांनीं सांगते. जोरदार पदन्यासानें ती जो इशारा देते त्यास 'यामादा' म्हणतात. तो ओळखून वादकानें तिच्याबरोबरच वाक्य मिटवावयाचें. गायक कडवें म्हणूं लागला कीं गिटारनें मागें सरावें. 'एस्कोबिया' या केवळ पदन्यासाच्या भागांत लय हळूहळू चढते, परंतु ती चढविण्याचा अधिकार नर्तकीचा. वादकानें उतावीळपणें लय वाढविली तर तिच्या पायांस दम उरत नाहीं, व महिनोन्‌महिने बसविलेलें नृत्य श्रोत्यांदेखत विसकटतें. वादकाच्या स्वतःच्या सुरावटीस 'फाल्सेता' म्हणतात. ती नर्तकी वाट देईल तेव्हांच, आणि थोडक्यांत वाजवावी. बोटें तयार झालेल्या मुलास हेंच सर्वांत जड जातें.

म्हणून शिकाऊ वादक नृत्याच्या वर्गांत बसतात व तोच एक पदन्यास पुनःपुन्हां वाजवितात. काम कंटाळवाणें आहे, हें आम्ही लपवीत नाहीं. पण साबिकास (१९१२–१९९०) यांनीं कार्मेन आमाया या प्रख्यात नर्तकीची साथ वर्षानुवर्षें केली, आणि पाको दे लुसिया (१९४७–२०१४) हे पुढें जगप्रसिद्ध झाले तरी कोंवळ्या वयांत होसे ग्रेको यांच्या नृत्यमंडळीबरोबर वाजवीत फिरले होते.

आलेग्रीआसच्या शेवटीं लय बुलेरिआसची होते व नर्तकी नाचत नाचत रंगमंचाबाहेर जाते. श्रोत्यांच्या टाळ्या तेव्हांच सुरू झालेल्या असतात. पण तिचें शेवटचें पाऊल पडद्याआड जाईपर्यंत वादकाचा हात थांबत नाहीं.