नट केव्हा आवळावा?

मोटारीचे पुढचे अंग सर्वांच्या नजरेत भरते. मागच्या चाकांवर भार तोलून धरणाऱ्या कमानींकडे मात्र कोणी वाकून पाहत नाही. मीही पाहत नसे. माझी जुनी अँबॅसिडर 'मॉरिस ऑक्सफर्ड' या इंग्रजी गाडीच्या घडणीवर उत्तरपाड्याच्या कारखान्यात बनलेली; २०१४ साली तिचे उत्पादनच थांबले. तिच्या मागच्या कमानींतून कुरकुर ऐकू येऊ लागली, म्हणून पुण्याच्या नाना पेठेतून नवे रबरी बुश आणून मी ते एका गॅरेजात बसवून घेतले. सहा महिने लोटतात न लोटतात तोच कुरकुर परत आली. रबर चिरले होते. मी दुकानदाराला मनोमन दोष देऊन मोकळा झालो.

पुढे गाडी एका वृद्ध कारागिराकडे नेली. त्यांना सगळे वस्ताद म्हणत. ते खाली वाकून पाहत म्हणाले, "सर, रबर वाईट नव्हते. गाडी टांगलेली असताना नट आवळला, तिथेच चुकले."

मुलांनो, ही कमान म्हणजे एकाखाली एक रचलेले, खाली आखूड होत जाणारे पोलादी पाटे. मुख्य पाट्याच्या दोन्ही टोकांना गोल वळी असतात व त्यांत रबरी बुश बसतात. भार पडला की कमान सपाट होते आणि तिची लांबी वाढते. म्हणून तिचे मागचे टोक शॅकल नावाच्या झुलत्या दुव्याला जोडलेले असते. बोल्ट आवळला की बुशाचे आतले अंग गाडीच्या सांगाड्याशी जखडते, बाहेरचे पाट्याच्या वळ्यात रुतून राहते. मग पाटा हलला तरी रबर घसरत नाही; ते पिळले जाते.

थोडे पिळणे हे त्याचे कामच आहे. परंतु चाके लोंबकळत असताना नट आवळला, तर गाडी जमिनीवर येताच रबराला कायमचा पीळ बसतो. मान वळवून दिवसभर वर्गात बसविलेल्या मुलासारखी त्याची अवस्था होते. वर खड्ड्यांचे हिसके!

वस्तादांनी बोल्ट प्रथम सैलच ठेवले. कमानीच्या मधल्या बोल्टाचे डोके आसावरील छिद्रात नीट बसल्याची त्यांनी बोटाने चाचपून खात्री केली. "हे हुकले, तर आस तिरका बसतो. गाडी खेकड्यासारखी चालेल!" मग यू-बोल्टांचे नवे नट त्यांनी समोरासमोरच्या कोनांतून थोडेथोडे आवळले, एकच बाजू आधी घट्ट केली असती, तर दाब सारखा पडला नसता. शेवटी लोखंडी घोड्या सांगाड्याखालून काढून आसाखाली दिल्या. गाडीचा भार कमानींवर आला, पाटे सपाट झाले, आणि तेव्हा कुठे बुशांच्या बोल्टांना अखेरचा पाना लागला. एवढ्या साध्या क्रमाला जेमतेम अर्धा तास अधिक लागला. पहिल्या ठिकाणी तेवढाच वाचविला होता.

"दोनतीनशे किलोमीटर चालवा आणि परत या," ते म्हणाले. मी दिवेघाटाने सासवड, जेजुरी अशा फेऱ्या केल्या. मागून चकार शब्द नाही. परतल्यावर वस्तादांनी यू-बोल्टांचे आठही नट पुन्हा तपासले. सात जागचे हलले नाहीत. आठवा पाव फेरा फिरला.