भाड्याची गाडी आणि चालकाचा हक्क



शिरूरला रेल्वे नाही. लांबच्या प्रवासाला निघायचे तर आपल्यापैकी अनेकांना दौंड गाठावे लागते, आणि त्यासाठी बहुधा न्हावऱ्याच्या रस्त्याने भाड्याची गाडी करावी लागते. प्रवासाची दुआ आपण मुलांना पाठ करून घेतो. मात्र ज्याच्या हाती स्टिअरिंग असते, त्याचा आपल्यावर काय हक्क आहे हे क्वचितच शिकवतो.

शरीअतच्या दृष्टीने गाडी भाड्याने करणे म्हणजे 'इजारा', अर्थात मोबदल्याचा करार होय. तो फोनवर झालेला असो वा ॲपवर बटण दाबून. कोठून कोठपर्यंत, किती माणसे, किती वाजता, किती भाडे, हे ठरले की दोघेही त्यास बांधले जातात. सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीत ईमानधारकांना करार पूर्ण करण्याची आज्ञा आहे.

हिजरतचा प्रसंग आठवा. प्रेषित (स.) आणि ह. अबू बकर (रजि.) यांनी मजुरीवर नेमलेला वाटाड्या मुसलमान नव्हता, असे सहीह बुखारीत आले आहे. दोन्ही उंटिणी त्याच्या स्वाधीन करण्यात आल्या आणि तीन रात्रींनंतर सौर गुहेपाशी येण्याचे ठरले. शत्रू मागावर असतानाही स्थळ आणि वेळ दोन्ही बाजूंनी पाळली गेली. तेव्हा चालक कोणत्या धर्माचा आहे, यावर त्याचा हक्क अवलंबून नाही.

आमच्या मशिदीत फज्रला नियमित येणारे एक गृहस्थ गाडी चालवतात. मी खोदून विचारल्यावर ते संकोचत म्हणाले, "मौलाना, चार माणसं सांगतात आणि दारात गेलो की सहा निघतात. नाही म्हटलं तर म्हणतात, लहान मुलंच तर आहेत."

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ अ नुसार प्रत्येक जादा प्रवाशामागे २०० रुपये दंड आहे, आणि जादा माणसे उतरल्याशिवाय गाडी पुढे सोडत नाहीत. हा दंड बहुधा चालकालाच सोसावा लागतो. आपल्या फिकहमध्येही हा प्रश्न जुनाच आहे. एकाने बसण्यासाठी जनावर भाड्याने घेतले, मागे आणखी एकाला बसविले आणि ते जनावर मेले, तर त्याची अर्धी किंमत भरून द्यावी लागेल, असा निर्णय 'हिदाया'त आहे.

वेळेचेही तसेच. दौंडचे मुख्य स्थानक वेगळे आणि कॉर्ड लाइनचे स्थानक वेगळे. तिकीट न पाहता नुसते "दौंड स्टेशन" सांगायचे आणि चूक कळल्यावर चालकावर चिडायचे, हा अन्याय आहे. गाळपाच्या हंगामात रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात. घरून अर्धा तास उशिरा निघून "जरा दाबा" म्हणणे, म्हणजे आपल्या आळसाची किंमत दुसऱ्याच्या जिवावर लादणे होय.

यात मीही दोषी आहे, हे लपवणार नाही. एकदा रात्री दौंडला उतरलो. बाहेर याच गृहस्थांची गाडी उभी होती. फलाटावर एक जुने सहाध्यायी भेटले आणि चहात पाऊण तास गेला. गाडीत बसल्यावर ते काहीच बोलले नाहीत. ती खुशी आहे असे मी समजलो. वस्तुतः तो इमामाचा संकोच होता! संकोचात पाडून घेतलेली वस्तू खुशीने दिलेली ठरत नाही, हे मी स्वतः मदरशात शिकलेलो आहे. हा हक्कुल इबाद. तो नफिल नमाजांनी फिटत नाही, ज्याचा त्यालाच द्यावा लागतो. पुढच्या जुम्याला मी त्यांची क्षमा मागितली आणि थांबण्याचे पैसे पुढे केले. दोनदा नाही म्हणून तिसऱ्यांदा त्यांनी ते घेतले.

भाडे ठरल्यावर उतरताना घासाघीस करणे, "सुट्टे नाहीत, नंतर देतो" म्हणून विसरणे, याविषयी अधिक काय लिहावे? मजुराकडून काम पुरे घेऊन मोबदला न देणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी अल्लाह स्वतः फिर्यादी असेल, अशी हदीस बुखारीत आहे.

इमाम गजाली यांनी ह. अब्दुल्लाह इब्ने मुबारक (रह.) यांचा एक प्रसंग नोंदविला आहे. ते भाड्याच्या उंटावर निघाले असता कोणी एक पत्र पोहोचविण्यास दिले. ते म्हणाले, आधी उंटवाल्याची परवानगी घेतो. एका पत्राचे वजन ते किती! आपल्याकडे शेजारी गाडीत तांदळाची गोणी ठेवतो आणि म्हणतो, "जाता जाता पाटसला तेवढी उतरवा." आपण लगेच होकार देतो. तो होकार देण्याचा अधिकार चालकाचा आहे. गोणी उचलण्यापूर्वी त्याला विचारा, आणि तो नाही म्हणाला तर शेजाऱ्याला तसे सांगा.