घरपोच खरेदी आणि राज्याचा कर

वर्ध्यालगतच्या नालवाडीत भ्रमणध्वनीवरून मागविलेला विजेचा पंखा आता बंगळूरहूनही घरपोच येतो. त्यावरील कर कोणत्या राज्यास मिळतो, हे पंचायत सदस्य व शिक्षक यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

१९५६ च्या केंद्रीय विक्रीकर अधिनियमानुसार आंतरराज्य विक्रीवरील कर माल पाठविणाऱ्या राज्याकडे राहत असे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि हे तत्त्व पालटले. जेथे उपभोग, तेथे महसूल, हे नवे सूत्र होय. समजा, पंख्याची करपूर्व किंमत २,००० रुपये आहे. विक्रेता १८ टक्के दराने ३६० रुपये एकात्मिक कर आकारून शासनाकडे भरतो. घरगुती ग्राहकाच्या बाबतीत त्यांपैकी १८० रुपये केंद्राच्या व १८० रुपये महाराष्ट्राच्या वाट्यास येतात. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत विक्रेत्याने विक्रीकर न आकारल्यास ग्राहकास ‘वापरकर’ स्वतः भरावा लागतो. तसा वेगळा भरणा आपणांस करावा लागत नाही.

मात्र एक दक्षता आवश्यक आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या तरतुदीनुसार, नोंदणी नसलेल्या ग्राहकाचा पत्ता बिलात नोंदलेला नसेल, तर विक्रेत्याचे ठिकाण हेच पुरवठ्याचे ठिकाण मानले जाते आणि महाराष्ट्राचा हिस्सा परराज्यात जातो. यास्तव प्रत्येक खरेदीचे पक्के बिल घ्यावे व त्यावर ‘महाराष्ट्र’ हे नाव आणि कराची रक्कम पाहावी. शाळा, रस्ते व आरोग्य केंद्रे यांसाठी लागणारा निधी अशाच लहान रकमांतून उभा राहतो.